वसंत आणि मार्च एंडिंग

पाडवा जवळ आला की पुरवण्यांना पालवी फुटते. पळसाचा फोटो, शेजारी योगासनातली हसरी बाई आणि वर मथळा: 'वसंतात फुलवा हॅपी हार्मोन्स!' आत लिहिलेलं असतं की दिवस मोठा होतो, मेलाटोनिन उतरतं, सेरोटोनिन चढतं आणि माणूस प्रेमात पडतो. प्रेमाचं सोडलं तर मजकूर अगदीच खोटा नाही. फक्त तो आपला नाही, नॉर्वे-स्वीडनचा आहे.

नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहरात नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य उगवतच नाही. स्टॉकहोममध्ये डिसेंबरातला दिवस ६ तासांचा, जूनमधला साडेअठरा तासांचा. मार्चमध्ये तिथे रोज ५ मिनिटांहून जास्त उजेड वाढतो. हा उजेड डोळ्यांवाटे मेंदूतल्या घड्याळाला कळतो, घड्याळ पिनिअल ग्रंथीला तंबी देतं आणि रात्रीच्या झोपेचं मेलाटोनिन सकाळी वेळेवर थांबतं. इतके महिने काळोखात काढलेल्या माणसाला एप्रिलात गाणं सुचलं, तर त्याचा तो हक्कच आहे.

आता मुंबई. सर्वांत लहान दिवस ११ तासांचा, सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. मार्चमध्ये उजेड वाढतो तो रोज जेमतेम मिनिटभराने. तेवढ्या वेळात दादरचा पूल अर्धासुद्धा ओलांडून होत नाही. सेरोटोनिन बिचारं कुठवर पोचणार?

बरं, कामदेवाचं खातं नॉर्वेत तरी जुळतं का? ट्रॉम्सोमधल्या दीड हजारांहून जास्त पुरुषांच्या तपासणीचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. टेस्टोस्टेरॉनचा नीचांक निघाला जूनमध्ये आणि उच्चांक ऑक्टोबर-नोव्हेंबरात. मदनाने वसंतात बाण मारला असेलही, रक्ताच्या रिपोर्टात तो सापडला नाही. आणि वसंत म्हणजे निव्वळ आनंद, हेही खरं नाही. युरोपात आत्महत्या कडाक्याच्या हिवाळ्यात नव्हे, तर वसंताच्या उत्तरार्धात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी वाढतात, हे समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीमने १८९७ मध्येच लिहून ठेवलं होतं. पुरवणीत एवढं छापायला जागा उरत नाही, जाहिरात असते.

वसंताने हार्मोन खरोखर हलतात ते पक्ष्यांचे. कॅनडात विल्यम रोवन यांनी १९२० च्या दशकात जुन्को पक्ष्यांच्या पिंजऱ्यांत दिवे लावून त्यांचा दिवस लांबवला. बाहेर एडमंटनचा बर्फ आणि आत पक्ष्यांच्या जननग्रंथी वाढायला लागल्या. त्यांचा वसंत विजेच्या बिलावर आला. माणसाच्या वसंताचं बिल मात्र वेलनेस शिबिरात हातात पडतं, तेही जीएसटीसकट.

महाराष्ट्रातल्या वसंताचा खरा हार्मोन वेगळाच आहे. त्याचं नाव कॉर्टिसॉल. दहावी-बारावीचे पेपर, ३१ मार्चचं टार्गेट, करबचतीच्या पावत्या, बॉसचं अप्रेझल आणि दिवसाआड येणारं पाणी, हे सगळं आम्रमोहोराच्याच मुहूर्तावर येतं. कोकिळ पहाटे ओरडतो तेव्हा निम्मं राज्य जागंच असतं: कुणी गणितामुळे, कुणी ताळेबंदामुळे. भरीला उकाडा. गाढ झोपेसाठी शरीराचं आतलं तापमान थोडं खाली यावं लागतं. अकोल्यात पत्र्याखाली झोपणाऱ्याचं ते कसं उतरावं? त्याची सकाळची चिडचिड हार्मोनची नाही, छपराची आहे.

'आमच्या पूर्वजांना हे सगळं माहीत होतं' म्हणणाऱ्यांनीही जरा थांबावं. पूर्वजांनी सांगितलेलं आपण ऐकतो तरी का? वाग्भटाच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदग्रंथात वसंतात कफ वाढतो म्हणून सहा गोष्टी वर्ज्य सांगितल्या आहेत: जड, थंड, स्निग्ध, आंबट, गोड आणि दुपारची झोप. पाडव्याला आपण कडुनिंबाचं एक पान तोंड वाकडं करून चावतो आणि लगेच श्रीखंडाची वाटी पुढे ओढतो. जड, थंड, स्निग्ध, आंबट, गोड, पाचही एका वाटीत. सहावी गोष्ट जेवणानंतर पंख्याखाली पार पडते.

गंमत पुढेच आहे. हिवाळ्यातल्या नैराश्याचं शास्त्रीय वर्णन नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये अमेरिकेत केलं. त्यावरच्या उपचारात रुग्णाला रोज सकाळी साधारण अर्धा तास १० हजार लक्सच्या दिव्यासमोर बसवतात. आपल्या दारात दुपारचं ऊन एक लाख लक्सचं, फुकट. आणि आपण बसतो कुठे? पडदे ओढलेल्या, एसी लावलेल्या ऑफिसात, ५०० लक्सच्या ट्यूबखाली, सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत. नंतर ड जीवनसत्त्व कमी निघालं म्हणून गोळ्या. देवाने १९ अंश अक्षांश दिला, आपण फर्निचर लावून त्याचा ट्रॉम्सो केला.

तेव्हा हॅपी हार्मोनसाठी चैत्राची वाट बघू नका आणि शिबिराची फीही भरू नका. सकाळी अर्धा तास उघड्यावर चाला, दुपारी बारा ते तीन सावली धरा, पोराच्या पेपराच्या आदल्या रात्री त्याला वेळेवर झोपू द्या. आणि उदासी दोन आठवडे हटली नाही, तर महिना कुठला ते न बघता डॉक्टरांकडे जा. पुरवणी रद्दीत घाला. किलोमागे चार पैसे तरी सुटतील.