शून्याचे रखवालदार

मुष्टियुद्धाच्या व्यवसायात प्रमोटर नावाचा जो परोपकारी इसम असतो, त्याच्या वत्सल अंतःकरणाची जगाने आजवर यथोचित कदर केली नाही, असे आम्हां बीबीकरांचे नम्र मत आहे. विशीतला एखादा योद्धा विजेतेपदास पोहोचला की त्याच्या नावापुढील पराभवाच्या रकान्यातले शून्य ही त्याची स्थावर मिळकत होऊन बसते. आणि त्या मिळकतीचे मुखत्यारपत्र ज्याच्या खिशात आहे, तो प्रमोटर तिच्यावर कोणाचे अतिक्रमण होऊ नये म्हणून जी अहोरात्र दक्षता बाळगतो, ती पाहिली म्हणजे आमच्या लोणार तालुक्यात वीतभर धुऱ्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालविणारे कास्तकारही बेफिकीर वाटू लागतात.

आमच्या मुलखातील जत्रेच्या दंगलीत ही सोय नाही. इनामाची रक्कम पुकारली जात असता पहिलवान फडातून फेरी मारतो, समोरून कोणी हात पुढे करतो, पंच दोघांच्या अंगलटीवरून नजर फिरवितात, आणि जोड विजोड असेल तर पंचांनी तोंड उघडण्यापूर्वीच भोवतालचे लोक गिल्ला करून त्या लहानग्यास बाहेर काढतात. नूरा कुस्ती तेथेही होते, हे आम्ही नाकबूल करीत नाही. परंतु ती ओळखणारे म्हातारे पुढच्याच रांगेत बसलेले असतात, आणि तिचा पंचनामा पुढील जत्रेपर्यंत पारावर चालतो. वस्तादही आपल्या पठ्ठ्याला जपतो. रेवड्यांच्या कुस्तीतून त्याला एकदम शेवटच्या कुस्तीत उतरविणारा वस्ताद आम्ही पाहिलेला नाही, आणि पाहिला असता तर त्याच्या तालमीत आमचा मुलगा घातला नसता. माइक टायसनने १९८५ साली, व्यवसायातील पहिल्याच वर्षात, पंधरा लढती केल्या. त्यांतील बहुतेक प्रतिस्पर्धी पडण्याच्याच योग्यतेचे होते, परंतु ती शिकवणी होती, आणि २२ नोव्हेंबर १९८६ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी, जगज्जेत्या ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्याच फेरीत लोळवून शिष्याने तिचा हिशेब चुकता केला. आमचा विषय आहे तो पद मिळाल्यानंतरही सुटत नाही त्या जपणुकीचा. वस्ताद पोराला जपतो. प्रमोटर त्याच्या शून्याला जपतो.

बरे, हे शून्य जपले तरी राहतेच असे नाही. बीजिंगला २००८ साली कांस्यपदक मिळविणारा विजेंदरसिंह २०१५ मध्ये व्यावसायिक झाला आणि ओळीने बारा लढती जिंकला. पुढे १९ मार्च २०२१ रोजी गोव्यात, पणजीला एका कॅसिनोच्या जहाजावर, त्याच्यासमोर आर्तिश लोप्सान नावाचा रशियन उभा राहिला. विजेंदर तेव्हा पस्तिशीत होता, म्हणजे कोवळा म्हणावा असा नव्हे. लोप्सान मात्र वयाने आणि अनुभवानेही त्याहून पुष्कळच नवखा. कागदोपत्री पाहता जोड निर्धोक होती. पाचव्या फेरीत पंचांना लढत थांबवावी लागली, आणि बारा विजयांचे ते अजिंक्यत्व तेथेच निकालात निघाले. जुगाराच्या जागी अखेर नशिबाला प्रवेश मिळाला, ह्यात वस्तुतः नवल कसले? आमच्या शेजारी लोणारला फार प्राचीन काळी जो प्रतिस्पर्धी आकाशातून उतरला, त्यानेही कोणा प्रमोटरची पूर्वसंमती घेतल्याचा दाखला दप्तरी नाही. काळ्या फत्तरात दीड-दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा तेवढा शिल्लक आहे.

परंतु ह्या शास्त्राचा आद्य आचार्य म्हणून ज्याच्यापुढे नतमस्तक व्हावे, तो न्यूयॉर्कचा कस डी'अमाटो, म्हणजे पुढे टायसनला घडविणारा तोच गुरू. त्याचा पूर्वीचा शिष्य फ्लॉइड पॅटरसन १९५६ साली एकविसाव्या वर्षी तोवरचा सर्वांत तरुण हेवीवेट जगज्जेता झाला, आणि गुरूने त्याच्याभोवती असा काही बंदोबस्त केला की पेशवाईतील कारभाऱ्यांनीही मसलत शिकावयास यावे. मुष्टियुद्धाचा सारा व्यापार त्या काळी एका मक्तेदार मंडळाच्या आणि त्याच्या आडून गुंडांच्या हाती गेलेला होता, त्यांच्याशी आपण व्यवहार करणार नाही, अशी डी'अमाटोची प्रतिज्ञा होती. प्रतिज्ञा खरी होती, शत्रूही खरे होते. फक्त ह्या तत्त्वनिष्ठेच्या चाळणीतून जे जे खाली पडत, ते ते बहुधा धोक्याचे प्रतिस्पर्धी असत, एवढा योगायोग मान्य केला पाहिजे. ऑगस्ट १९५७ मध्ये सिअ‍ॅटलला जगज्जेत्यापुढे जो आव्हानवीर आणला, तो पीट रॅडमाकर ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता खरा, परंतु व्यावसायिक म्हणून त्याची ती आयुष्यातली पहिलीच लढत होती. कालचा उमेदवार कारकून आज थेट दिवाणांच्या आसनावर हक्क सांगावयास यावा, तसा तो आला. दुसऱ्या फेरीत त्याने दिवाणांनाच खाली बसविले, आणि सहाव्या फेरीत स्वतः आडवा होऊन सर्वांची अब्रू राखली.

सनी लिस्टन मात्र दारात उभाच राहिला. त्याचे हात लांब, मूठ अवाढव्य, पूर्वायुष्य तुरुंगातले आणि सोबत गुंडांची. त्यास टाळण्याला ह्याहून सोज्ज्वळ सबब कोणती हवी? अखेर पॅटरसननेच, गुरूचा सल्ला डावलून, हात पुढे केला. ही ह्या साऱ्या प्रकरणातील एकमेव पहिलवानी गोष्ट, आणि तीबद्दल आम्ही त्यास मनापासून मुजरा करतो. २५ सप्टेंबर १९६२ रोजी शिकागोत तो दोन मिनिटे सहा सेकंद उभा राहिला, आणि नंतर खोटी दाढी लावून गावाबाहेर पडला. पुढील जुलैत लास व्हेगासला पुन्हा तीच जोड लागली, तेव्हा दोन मिनिटे दहा सेकंद.

ही चार सेकंदांची प्रगती उपेक्षणीय मानू नये. प्रत्येक लढतीस चार सेकंदांची वाढ हे प्रमाण धरून शाळेतल्या त्रैराशिकाने हिशेब केला, तर पंधरा फेऱ्यांची पूर्ण पंचेचाळीस मिनिटे टिकण्यास पॅटरसनला लिस्टनशी आणखी ६४३ वेळा लढावे लागले असते; आणि तिकिटांचा खप ध्यानी घेता कोणत्याही दूरदर्शी प्रमोटरने त्यास हरकत घेतली नसती.