तुना आदिमानव बाहेरच ठेव

पॅलिओ डाएट म्हणजे काय, हे भडगावात कुणाला समजावून सांगायची वेळ आली तर सुरुवात शेंगदाण्यापासून करू नये. हा अनुभवाचा सल्ला आहे. "अश्मयुगात शेंगदाणे नव्हते, म्हणून मी खात नाही," एवढंच मी ओट्यावर बोललो, तर शेजारचे नाना म्हणाले, "मंग त्या ठेचामा काय टाकेत?"

ठेचाही नव्हता, मी म्हणालो. मिरचीच नव्हती. मिरची अमेरिकेतली, शेंगदाणाही तिकडचाच, दोन्ही पोर्तुगीजांच्या काळात आपल्याकडे आले. त्याआधी खानदेशात मिरची नव्हती. नाना बराच वेळ गप्प राहिले. मग आदिमानवाबद्दल मनापासून हळहळत म्हणाले, "म्हनीसन मरी गयात बिचारा."

हे पथ्य माझ्या घरात पुण्याहून आलं. डॉक्टरांनी माझी तीन महिन्यांची साखर बघून चष्मा काढून टेबलावर ठेवला होता, आणि डॉक्टर चष्मा काढतात तेव्हा रिपोर्ट वाचायची गरज उरत नाही. ही बातमी बहिणीमार्फत हिंजवडीला पोचली. भाचा तिथं कॉम्प्युटरवर काहीतरी करतो आणि उरलेल्या वेळात व्यायामशाळेत लोखंड उचलतो. त्याचा फोन आला. "मामा, तुमचं शरीर अजून अश्मयुगातच आहे." मामीनं मागून ऐकलं आणि पहिल्यांदाच भाच्याशी सहमत झाली.

सिद्धांत तसा सोपा आहे. माणूस लाखो वर्षं शिकार करून, फळं-कंद गोळा करून जगला. शेती आली ती अलीकडे, दहाएक हजार वर्षांपूर्वी. आपलं शरीर त्या जुन्या खाण्यासाठी घडलेलं, म्हणून नवे रोग. १९८५ मध्ये ईटन आणि कॉनर या दोघांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय नियतकालिकात यावर लेख लिहिला, आणि २००२ मध्ये कोलोरॅडोतले प्राध्यापक लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकानं हे घरोघरी नेलं. घरोघरी म्हणजे तिकडच्या. आपल्याकडे दीक्षित सरांच्या दोन वेळच्या जेवणानं लग्नाच्या पंगती आधीच हादरवल्या होत्या. पण त्यात निदान भाकरी चालत होती, फक्त घड्याळ सांभाळायचं होतं. इथं भाकरीवरच फुली.

धान्य नाही, कडधान्य नाही, दूध नाही, साखर नाही, मीठ बेतानं. हे वाचताना मला पुण्यात काय वाटलं असतं कुणास ठाऊक, भडगावात अंगावर काटा आला. आमची कळण्याची भाकरी घ्या. ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली, म्हणजे एकाच गुन्ह्यात दोन कलमं. शेवभाजीतली शेव बेसनाची. डुबुकवडे, पातोड्यांची भाजी, फुणके, कढी, सगळ्यांच्या मुळाशी डाळ नाहीतर दही. पापड उडदाचे, बिबडी ज्वारीची. आखाजीला खापरावरची पुरणपोळी आणि आमरस, त्यातला आमरस तेवढा कायदेशीर, तोही साखरेशिवाय. खानदेशी स्वयंपाकातून डाळ काढली की उरतं ते पातेलं.

चालणाऱ्या पदार्थांची यादी भाच्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. सामन मासा, अ‍ॅव्होकॅडो, ब्रोकोली, बदामाचं पीठ, ऑलिव्हचं तेल. मी ती बाजारात घेऊन गेलो. भाजीवाल्या मावशींनी ब्रोकोलीचा फोटो नीट निरखला आणि म्हणाल्या, "हाई तं फुलकोबी शे, इले सावलीमा ठेवायेल दिसस." सामनच्या जागी गिरणेतला मासा चालेल का, असं मी भाच्याला विचारलं. चालेल म्हणाला. पण आमच्या गिरणेला उन्हाळ्यात पाणी येतं ते धरणातून आवर्तन सुटलं की, आणि पात्रात वाळूच जिथं शिल्लक ठेवत नाहीत तिथं मासा कशाच्या भरवशावर राहील?

तरी मासा ही पुढची गोष्ट होती. आधी घरची चूल. आमची माय माळकरी. मुक्ताईच्या वारीला जाऊन आलेली, गळ्यात तुळशीची माळ. तिच्या स्वयंपाकघरात कांदासुद्धा एकादशीला पाय आत टाकत नाही. मी घाबरत घाबरत अंड्याचा विषय काढला. आदिमानव अंडी खायचा, डॉक्टरही प्रथिनं घ्या म्हणतात, वगैरे. मायनं शांतपणे ऐकून घेतलं. मग मागच्या अंगणात जिथं आंघोळीच्या पाण्याचा बंब आहे तिकडं बोट दाखवलं. "तुना आदिमानव बाहेरच ठेव."

तेव्हापासून माझं अश्मयुग अंगणात सुरू झालं. बंबाशेजारी तीन विटा, त्यावर एक जुनं कळकट पातेलं, खाली पऱ्हाटीच्या काड्या. भल्या पहाटे मी तिथं उकिडवा बसून आग फुंकायचो. धूर डोळ्यात जायचा, कुत्रं पलीकडे बसून माझ्याकडे आशेनं पाहायचं, आणि माझ्या लक्षात आलं की कॉर्डेन साहेबांच्या पुस्तकापेक्षा मी कितीतरी अस्सल पॅलिओ करतोय. मामी खिडकीतून पाहून एवढंच म्हणायची, "आता झाडाच्या सालीही नेसा म्हणजे कपडे धुवायचा त्रास वाचेल."

अंड्यापेक्षा अवघड निघाला चहा. गावात माणसाकडे जाऊन चहा नाकारणं म्हणजे भांडण काढणं. दूध नाही, साखर नाही, हे सांगत बसण्यापेक्षा मी एका घरी म्हणालो, "कोरा आणा." आतल्या भांड्यांचा आवाज एकदम थांबला. आपल्याकडे कोरा चहा मयताच्या घरी होतो. वहिनी पदर डोक्यावर घेऊनच बाहेर आल्या आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोन वारनं, भाऊ?" मी म्हणालो, कुणी नाही, पथ्य आहे. त्यांचा विश्वास बसला नाही. संध्याकाळी आमच्या घरी दोन माणसं भेटायला येऊन गेली. मायला ठणठणीत पाहून थोडी ओशाळली आणि दुधाचा चहा घेऊन परतली.

या सगळ्यात पाटणादेवीला जाणं झालं. चाळीसगावपासून फार लांब नाही, गौताळ्याच्या जंगलाच्या कुशीत, पावसाळ्यानंतर तर डोळे निवतात. नात्यातल्या कुणाचा तरी नवस होता आणि नवस म्हणजे वरण-बट्टी. बहुतेकांना पाटणं माहीत असतं ते देवीमुळे आणि भास्कराचार्यांमुळे. मला त्या दिवशी तिसरीच ओढ होती. याच पाटण्याला १९७०च्या दशकात एस. ए. साळी या पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केलं आणि अश्मयुगाच्या शेवटच्या टप्प्यातली माणसं तिथं राहत होती हे दाखवून दिलं. दगडाची बारीक पाती मिळाली. आणि मिळाली शहामृगाच्या अंड्याची कवचं! त्या कवचांचे मणी केलेले, आणि एका तुकड्यावर तर आडव्या-तिरप्या रेघांची नक्षी कोरलेली. काळ सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचा. म्हणजे आमच्या जळगाव जिल्ह्यात शहामृग पळत होते. माझा आदिमानव कोलोरॅडोचा नव्हताच, तो शेजारच्या तालुक्यातला होता.

कवच आहे म्हणजे आतलं कुणीतरी खाल्लंच असणार, असा माझा आपला खानदेशी अंदाज. एका शहामृगाच्या अंड्यात कोंबडीची दोन डझन अंडी बसतात. हे मी मायला सांगितलं तेव्हा तिनं अंगणातल्या पातेल्याचा आकार मनात आणला असावा, कारण ती म्हणाली, "बरं व्हयनं, सरी गयात त्या."

तर त्या डोंगराच्या पायथ्याशी, जिथं खरेखुरे पॅलिओ लोक राहून गेले त्या मातीवर, मी पत्रावळीपुढं मांडी घालून बसलो. समोर बट्टी. जाडसर दळलेले गहू, थोडा मका, ओवा, हळद. आधी उकडायची, मग कापून तळायची. चुरून त्यावर तुरीचं घट्ट वरण, वरून तुपाची धार, बाजूला वांग्याची तर्रीदार भाजी. मी वाढप्याला हात आडवा केला आणि फक्त वांगं मागितलं. वाढपी म्हणजे माझ्या मेहुण्याचा मोठा भाऊ, आग्रहात जिल्ह्यात पहिला. त्यानं हात बाजूला सारला. "देवीना परसाद शे, नही म्हनानं नही." माझ्या मागून पंगतीतून आवाज आला, "त्यास्ले साखर शे, त्यास्ले गोड वाढू नका." त्यावर वाढप्यानं तत्परतेनं गोडाचं ताट मागे नेलं आणि त्या बदल्यात अजून दोन बट्ट्या वाढल्या. पॅलिओवर विदेशात एवढी पुस्तकं निघाली, पण मेहुण्याच्या मोठ्या भावाचं काय करायचं, याचं प्रकरण एकातही नाही.

परतीच्या वाटेवर मायनं विचारलं, तू नेमकं काय सोडलंयस ते एकदा नीट सांग. मी सांगितलं: शेती सुरू व्हायच्या आधीचं तेवढं खायचं, नांगर लावून पिकवलेलं काही नाही. ती हसायला लागली. "हाई तं आम्हनं ऋषिपंचमीनं फराय शे. तुना पुस्तकवालानी आते लिखं का?"

मला गाडी बाजूला घ्यावीशी वाटली. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आपल्या घराघरांतल्या बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. आपोआप उगवलेलं, नाहीतर हातानं खणून लावलेलं. पालेभाज्या, कंद, भोपळा, मिळाला तर देवभात. ऋषीची भाजी ती हीच. ज्यांनी हे व्रत पाळलं त्यांना कुणी संशोधक म्हटलं नाही, उलट तो दिवस त्यांच्या विटाळाच्या कल्पनेशी जोडला गेला, जे मला कधीच पटलं नाही. पण ती भाजी मात्र शेतीच्या आधीच्या जेवणाची आठवण जपून आहे, यात मला शंका नाही. आणि बायकांना एका दिवसात जे कळलं ते महत्त्वाचं: हे वर्षातून एकदा करायचं असतं.

उलट आपल्या एकादशीचं बघा. धान्य चालत नाही म्हणून आपण साबुदाणा घेतो, बटाटा घेतो, दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घेतो. साबुदाण्याचा कंद, बटाटा, दाणे, मिरची, सगळं अमेरिका खंडातून आलेलं. विठोबाच्या नावानं आपण महिन्यातून दोनदा कोलंबसाचा प्रसाद खातो.

भाच्याला हे फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, मामा, तुम्ही मूळ मुद्दा सोडताय, आपल्या पूर्वजांनी पीठ खाल्लंच नव्हतं. आता हा आमच्या घरचाच पोरगा, पण वाद घालताना पुण्याचा होतो. म्हणून मी शोधाशोध केली. २०१८ मध्ये जॉर्डनमधल्या एका जागेची बातमी जगभर आली होती. चौदा हजार वर्षांहून जुन्या चुलीत भाकरीचे करपलेले तुकडे सापडले. शेती सुरू व्हायच्या आधी साधारण चार हजार वर्षं! शिकार करणारी माणसं रानटी धान्य आणि कंद कुटून, मळून, भाजून खात होती. भाच्याला तो मजकूर पाठवला. त्यावर त्याचा अंगठाही आला नाही. आदिमानवानं स्वतःच स्वतःचं पथ्य मोडलं होतं, आणि वर भाकरी करपवलीही होती.

आमच्या गिरणाकाठाचा हिशेब तर आणखी सोपा आहे. वरच्या अंगाला बहाळ आहे. तिथं म. न. देशपांडे यांनी १९५०च्या दशकात खणून ताम्रपाषाण काळातली वस्ती उजेडात आणली. साडेतीन हजार वर्षांपूर्वीची मडकी, रंगवलेली. मडकं आलं म्हणजे शिजवणं आलं, शिजवणं आलं म्हणजे 'जरा जास्त घे' आलं. पूर्वजांसारखं खायचं म्हणणाऱ्यानं आधी पूर्वज निवडावा. पाटण्याचा घेतला तर शहामृग नाही. बहाळचा घेतला तर सारा गाव तसाच जेवतो आहे.

माझी साखर उतरली, हे खरं आहे. डॉक्टरांनी चष्मा न काढता रिपोर्ट वाचला. चहातली साखर गेली, रात्रीचे पापड गेले, सकाळी पारोळा रस्त्यानं चालणं सुरू झालं, याचं श्रेय अश्मयुगाला द्यायचं का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "श्रेय कुणालाही द्या, गोळी बंद करू नका."

आता मी भाकरी खातो, अर्धी. अंगणातल्या विटा तशाच आहेत आणि अंडंही अधूनमधून तिथंच उकडतं; माय त्यावर काही बोलत नाही, फक्त त्या दिवशी अंगणातली तुळस जरा पलीकडे सरकवते. भाच्यालाही एक पदार्थ सापडलाय ज्यावर त्याचं आणि आमच्या नानांचं एकमत होतं, तो म्हणजे भरीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगीच नाही. वांगं आपल्याच भूमीतलं, हिरवट पांढरं, बिया कमी, हातात घेतलं तर वजनदार. शेतात पऱ्हाटीच्या काड्यांच्या जाळावर भाजायचं, साल काढायची, बडगीत लाकडानं ठेचायचं. इथपर्यंत अश्मयुगाची हरकत असायचं काही कारण नाही. पुढं तेल-मिरचीची फोडणी पडते तिथून पुढचं ज्यानं त्यानं आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं.

थंडी पडली की आमच्या मळ्यात भरीत असतं. येणार असाल तर एक दिवस आधी फोन करा, आणि तुमच्याबरोबर कुणी पॅलिओवाला असेल तर तेही सांगा. त्याच्या वाटच्या पुऱ्या नाना खातात.