मा. घरमाशी यांस अनावृत पत्र

प्रति,
श्रीमती घरमाशी,
मु. पो. उकिरडा, व्हाया मिठाईचे दुकान

विषय : आपल्यावर होत असलेल्या घोर अन्यायाबाबत

महोदया,
स. न. वि. वि.

त्या डासाचा केवढा थाट! त्याच्यासाठी धुराची गाडी येते, तिच्यामागून नगरसेवक येतात, फोटो निघतात. घरोघरी पिंपे उपडी होतात, कुंड्यांखालच्या ताटल्या तपासल्या जातात, नोटिसा लागतात. आणि त्याच वेळी कोपऱ्यावरच्या रसवंतीत ग्लासाच्या काठावर बसून आपण निवांत पाय चोळत असता. आपल्याला साधी नोटीसही नाही!

वास्तविक योग्यतेत आपण काही उण्या नाही. डासाच्या पोटात जंतू मुरायला आठवडाभर तरी लागतो, मग कुठे तो चावणार. आपल्याला ही यातायात नको. शौचावर बसायचे, उठायचे, पेढ्यावर बसायचे. पायांच्या केसांना आणि चिकट गाद्यांना तिथे जे लागले, ते इथे उतरते. घन पदार्थ आपल्याला खाता येत नाहीत, म्हणून पोटातले थोडे ओकून आपण पेढा आधी भिजवता, मग शोषता आणि निघताना विष्ठेचा एक ठिपका ठेवता. चवही आपल्याला पायांनीच कळते. तेव्हा ताटात पाय दिला म्हणून आपल्याला कोण बोल लावणार?

अशा रीतीने हगवण, टायफॉइड, कॉलरा यांचे जंतू आपण घरपोच देता. त्यातला शिगेला हा हगवणीचा जंतू तर फारच काटकसरी. त्याचे १० ते १०० जंतू पोटात गेले तरी माणसाला रक्ती हगवण लागते. एवढ्याला आपला एक पाय पुरतो.

आपली सेवापुस्तिकाही उज्ज्वल आहे. १८९८ साली स्पेनशी लढायला निघालेले अमेरिकी सैनिक स्वतःच्याच देशातल्या छावण्यांत टायफॉइडने पटापट मेले. शत्रूच्या गोळ्यांनी पडले त्याहून अधिक. चौकशीला मेजर वॉल्टर रीड आणि त्यांचे दोन सहकारी आले. शौचाच्या चरांत चुना टाकलेला होता, आणि जेवणाच्या तंबूत अन्नावर फिरणाऱ्या माश्यांचे पाय त्याच चुन्याने पांढरे झालेले होते. इतका प्रांजळ आरोपी पोलिसांना क्वचितच मिळतो.

पुढे डीडीटी आले. त्याचे कीटकनाशक गुण शोधल्याबद्दल १९४८ मध्ये पॉल म्युलर यांना नोबेल मिळाले. तोवर स्वीडनमधल्या आपल्या भगिनींनी ते पचवायला सुरुवातही केली होती. आपला एकच पराभव मनाला लागतो. १९८८ मध्ये इस्रायली लष्कराने छावण्यांभोवती आमिषाचे सापळे लावून आपली संख्या घटवली, तेव्हा शिगेलाच्या हगवणीने दवाखान्यात येणारे जवान ८५ टक्क्यांनी कमी झाले. हा आकडा आपल्या कर्तबगारीचा दाखलाच म्हणायचा, पण तो आमच्या इथे फारसा कोणाला ठाऊक नाही, हे आपले भाग्य.

आणि ठाऊक झाला तरी भिऊ नये. आपल्याविरुद्धचे उपाय असे मचूळ आहेत की त्यांत फोटोला जागाच नाही. संडासाच्या हवेच्या नळीला जाळी. अन्नावर झाकण. कचरा वेळेवर उचलणे. यातल्या कशाची फीत कापणार? त्यापेक्षा आम्ही दुकानापुढे पाण्याची पिशवी टांगतो, मिठाईवर निळा दिवा लावतो आणि अगदीच झाले तर हात हलवून आपल्याला हुसकावतो. आपण उठता, आपण आणलेले तिथेच राहते, आम्ही घास घेतो. एरवी नाकावर माशी बसू न देणारे आम्ही, ताटावर बसायला मात्र आपल्याला कधी मज्जाव केलेला नाही.

शिवाय आपण नेता तो मालही आमचाच. उघड्यावर टाकणारे आम्ही, उघड्यावर खाणारेही आम्ही. मधला पल्ला आपण विनामूल्य तोडता.

राहिला आपल्या लेकराबाळांचा प्रश्न. एका खेपेला शंभरेक अंडी, आणि आमच्या उन्हाळ्यात अंड्यातून माशी व्हायला आठ-दहा दिवस. आठवड्यातून दोनदा कचरा उचलला गेला, तर आपला वंश कुंडीतच खुंटेल. पण आमची कचऱ्याची गाडी अकराव्या दिवशी येते. इतके सांभाळून घेणारे यजमान आपल्याला दुसरीकडे मिळायचे नाहीत.

कळावे, लोभ नसावा, पण असणारच.

आपला,
नियमित घरपट्टी भरणारा एक खवय्या