आमचा भाव तुम्हीच ठरवा, महोदय!

प्रति,
मा. लवाद महोदय
(राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956, कलम 3-जी (5) अन्वये)

विषय : आपल्या अधिकारक्षेत्राबद्दल आभार मानणेबाबत.

महोदय,

सविनय सादर करतो की, बुटीबोरीहून वर्धा, देवळी, यवतमाळ करत तुळजापूरला जाणारा 361 क्रमांकाचा महामार्ग झाला, चांगलं झालं. रस्त्याला आमचा विरोध नव्हता, आजही नाही. रस्त्याखाली गेलेल्या वावराचा भाव ठरवायची जी व्यवस्था सरकारनं केली आहे, तिची तारीफ मात्र अजून कोणी केलेली दिसत नाही. म्हणून हा अर्ज.

‘थ्री ए’ कलमाची अधिसूचना निघते, मग ‘थ्री डी’ची निघते, आणि त्या दिवशी जमीन केंद्र सरकारची होते. त्यानंतर सक्षम प्राधिकारी, म्हणजे बहुधा उपविभागीय अधिकारी किंवा भूसंपादनाचे उपजिल्हाधिकारी, मोबदल्याचा निवाडा करतात. भाव पटला नाही तर दाद कोणाकडे मागायची? आपल्याकडे. आपल्याला नेमतं कोण? केंद्र सरकार. जमीन घेतली कोणी? त्याच सरकारनं. आणि आपण कोण? जिल्हाधिकारी, नाही तर विभागीय आयुक्तालयातले वरिष्ठ अधिकारी. दोन्ही बाजूंना पटलेला तिसरा माणूस म्हणजे लवाद, अशी आमची अडाणी समजूत होती. इथं शेतकऱ्याला निवडीची तसदीच दिलेली नाही. आभारी आहोत.

आता समजा, चार एकरांचं ओलिताचं वावर आहे आणि रस्ता मधून गेला. विहीर राहिली अलीकडे, पऱ्हाटी पलीकडे. संयुक्त मोजणीच्या तक्त्यात क्षेत्र आलं, धुऱ्यावरची सागाची झाडं आली, पाइपलाइनसमोर मात्र एक बारीकशी आडवी रेघ. निवाड्यात भाव लागला कोरडवाहूचा, कारण सातबाऱ्यावर विहिरीची नोंद चढायची राहिली होती. वावराचे दोन तुकडे झाले तर त्या नुकसानीचाही विचार करा, असं कायदाच सांगतो. शेतकरी विजेची बिलं, शेजारच्या खरेदीखताची नक्कल आणि फोटो घेऊन आपल्यापुढे येतो. आपण म्हणता, ‘प्राधिकाऱ्यांनी ठरवलेला दर योग्य आहे.’ संपलं. आदेश दोन पानांचा, त्यातलं दीड पान कलमांचं.

पुढे आहे वर्ध्याचं जिल्हा न्यायालय. तिथं आपल्या निवाड्याला लवाद कायद्याच्या कलम 34 खाली आव्हान देता येतं. मात्र न्यायाधीशांनी भाव बरोबर की चूक हे पाहायचं नाही. लवादानं कामकाज रीतसर चालवलं का, कायद्याच्या मूळ धोरणाला धक्का लागला का, एवढंच पाहायचं. कापूस घेऊन हिंगणघाटच्या बाजारात जावं, व्यापाऱ्यानं वजन करावं, तक्रार व्यापाऱ्याच्या भावाकडे करावी आणि त्यानंतर ज्याच्याकडे जावं त्यानं काटा सरळ टांगला होता की नाही एवढंच बघून परत पाठवावं, असा हा मामला आहे.

यावर 20 जुलै 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं. महामार्ग प्राधिकरण विरुद्ध हकीम. न्या. रोहिंटन नरिमन यांचं पीठ, सोबत आमच्या शेजारच्या अमरावतीचे न्या. भूषण गवई. प्रकरण तामिळनाडूचं. प्राधिकाऱ्यानं चौरस मीटरला 46.55 ते 83.15 रुपये दिले, लवाद असलेल्या जिल्हाधिकाऱ्यांनी त्यात एक पैसा वाढवला नाही, आणि जिल्हा न्यायाधीशांनी थेट 645 रुपये केले. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, कलम 34 खाली निवाडा रद्द करता येतो, त्यात बदल करता येत नाही, ही लक्ष्मणरेषा आहे. आणि मग त्याच निकालात वाढवलेल्या पैशांना हातही लावला नाही! थोडक्यात, न्यायाधीशांना अधिकार नव्हता, पण पैसे शेतकऱ्यांकडे राहू द्या. असा न्याय आम्हाला फार आवडतो. फक्त तो त्या शेतकऱ्यांपुरताच होता. आमच्याकडचा निवाडा रद्द झाला, तर भाव नव्यानं ठरवायला फाइल पुन्हा लवादाकडेच. खुर्ची तीच, रजिस्टर तेच, पेशीची तारीख तेवढी नवी.

30 एप्रिल 2025 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ही रेषा जराशी सरकवली. आकडेमोडीची उघड चूक दुरुस्त करता येईल, निवाड्याचा वेगळा निघणारा भाग काढता येईल, निवाड्यानंतरच्या व्याजात काही बदल करता येईल. भाव कमी लावला, ही चूक त्या यादीत बसत नाही.

आर्वी तालुक्यात निम्न वर्धा धरणाखाली ज्यांची वावरं गेली, त्यांना हे सांगून पाहा. त्यांची जमीन 1894 च्या कायद्यानं गेली. इंग्रजांचा कायदा, म्हणजे वाईटच असणार! त्यात कलम 18 होतं. भाव पटला नाही तर प्रकरण दिवाणी न्यायालयात जायचं, साक्षीपुरावा व्हायचा, खरेदीखतं वाचली जायची आणि न्यायाधीश स्वतः भाव वाढवायचे. त्यावर नागपूर खंडपीठात अपील. त्यातही वर्षं जायची, ते काही खोटं नाही. पण न्यायाधीश निदान भावाकडे बघायचे तरी. महामार्गासाठीची जमीनही पूर्वी याच वाटेनं जायची. 1997 च्या दुरुस्तीनं ती आपल्याकडे वळवली. जाताजाता 30 टक्के दिलासा रक्कमही गायब झाली होती. तरसेम सिंग प्रकरणात 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती परत मिळवून दिली, कारण तिथं प्रश्न कायद्याच्या घटनात्मकतेचा होता. कायदा चुकला तर न्यायालय बघतं. आपण चुकलात तर बघायला कोणी नाही, ही आपल्या पदाची खरी शान.

तेव्हा पवनारहून निघणार म्हणून गाजलेल्या शक्तिपीठ महामार्गाची चर्चा ऐकली की आम्हाला विनोबा आठवतात. याच गावच्या आश्रमातून बाहेर पडून ते भूदानासाठी पायी देशभर फिरले. जमीन मागितली, पण भाव ठरवायला कोणाला नेमलं नाही, आणि देणाऱ्याला ‘नाही’ म्हणायची मुभा होती.

आमची मागणी लहान आहे. संसदेनं महामार्ग कायद्यात एक कलम घालावं : मोबदल्याच्या रकमेवरचं अपील दिवाणी न्यायालयात चालेल आणि न्यायालयाला ती रक्कम वाढवता येईल. आपला भार हलका होईल, महोदय, आणि आम्हाला काट्याऐवजी वजनावर बोलता येईल.

आपला नम्र,
वर्धा जिल्ह्यातला एक प्रकल्पग्रस्त

ता. क. : वाचकहो, तुमच्या हाती लवादाचा निवाडा पडला असेल, तर सहीची प्रत ज्या दिवशी मिळाली ती तारीख पाकिटासकट जपून ठेवा. जिल्हा न्यायालयात जायला तीन महिने मिळतात, सबळ कारण दाखवलं तर आणखी तीस दिवस. त्यापुढे विलंब माफ करायचा अधिकार न्यायालयालाही नाही.