विक्रमी रस्त्यास, अकोट बेटाच्या अलीकडून

अकोला, पावसाळा २०२३

प्रति,
श्रीमंत विक्रमवीर लोणी-माना पट्टा,
राष्ट्रीय महामार्ग ५३



मागल्या वर्षीच्या जूनमध्ये तुम्ही १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर अंथरले गेलात. कतारचा विक्रम मोडलात, गिनीज बुकात गेलात. ते ७५ एकेरी पट्टीचे, दुपदरी धरले तर साडेसदतीसच भरतात, हे आम्ही चारचौघांत बोलत नाही. घरच्या पोराचे मार्क कोणी खोडतं का?

पण त्याच साली, चारच महिन्यांनी, आमच्या अकोला जिल्ह्यात गांधीग्रामचा पूर्णेवरचा पूल तडा गेला म्हणून बंद झाला, हे आपल्या कानावर आलं का? पूल इंग्रजांच्या काळचा. त्याला विक्रम वगैरे माहीत नव्हते, नुसता उभा होता बिचारा. तो बंद झाला आणि अकोल्याहून जेमतेम पंचेचाळीस किलोमीटरवरचं अकोट बेट झालं. नोव्हेंबरात रेल्वे सुरू झाली खरी. पण तिची वेळ तिची, आमची आमची. मग नदीपात्रात तात्पुरता पूल बांधला. यंदा पूर्णा भरून आली, तोही पाण्याखाली.

परवा स्टँडवर एक मावशी. दवाखान्यातून आलेली, एक्स-रेचं पाकीट भिजू नये म्हणून पदराखाली धरलेलं.

"अकोटची गाडी लागली काय हो?"

"लागली ना माय. पण फिरून जाईन."

फिरून जाणारी गाडी तिच्या गावावरून जातच नव्हती. "मंग ऑटोनं नदीलोक जातो," ती म्हणाली, "पाणी उतरलं तं पायी, न्हाई तं जावयाले फटफटी घेऊन बलावतो." आणि ऑटो शोधायला निघालीसुद्धा.

स्कॉटलंडच्या बेटांवर जायला फेरीबोट, मोटार, बस असं सगळं जुळवावं लागतं म्हणे. बोट रद्द झाली तर निदान समुद्राच्या नावानं बोटं मोडता येतात. आमच्या बेटाला समुद्र कुठून आणू? एक नदी आहे, तीही उन्हाळ्यात गुरं ओलांडतील एवढीच.

शकुंतला रेल्वेचे रूळ गवतात गेले, शिवणी विमानतळाची धावपट्टी लांबायची ती लांबतेच आहे. ते जाऊ द्या. गांधीग्रामच्या गुळपट्टीवाल्यांनी गिऱ्हाईक कुठून आणायचं, तेवढं सांगा.

राग तुमचाच येतो, कारण "जमत नाही" म्हणायची सोय तुम्ही ठेवली नाहीत. ७२० माणसं रात्रंदिवस राबली, खडी-डांबर वेळेवर आलं, घड्याळ लावून काम झालं. म्हणजे येतं की सगळं! मग पुलाचं दुखणं तडा जाईस्तोवर कोणाला दिसू नये? की पुलाखाली वाकून बघणाऱ्याचा फोटो निघत नाही?

तुझा काय दोष म्हणा, बाबा. तू नुसता पडून आहेस. आणि जूनच्या उन्हात तापल्या डांबरामागे चालणाऱ्यांना तर बोल लावायला जीभ वळत नाही. त्यांतल्या कोणाचं घर पूर्णेपलीकडे असेल, तर तोही आज याच स्टँडवर बसला असेल.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी कावडवाले गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन राजराजेश्वराला येतील. पाणी अकोल्यात पोचतं. माणसं पलीकडे न्यायचं तेवढं बघा.

उत्तर अकोटच्या पत्त्यावर धाडू नका. इथंच अकोल्यात ठेवा, नदी उतरली की घेऊन जाईन.

आपला,
एक अकोटकर