गाडी पडेल, मॅडम!

रविवार सकाळच्या चित्रकलेच्या क्लासात एक निवृत्त इंजिनीअर असतोच. आमच्या डोंबिवलीच्या क्लासातले काका रेल्वेतले, तेही पी-वेचे. म्हणजे रूळ, स्लीपर आणि खडी. बत्तीस वर्षं ट्रॉलीवरून मान खाली घालून त्यांनी एकच गोष्ट सांभाळली: दोन रुळांमधलं अंतर.

क्लास नऊचा, काका पावणेनऊला हजर. पेन्सिली 6एचपासून 6बीपर्यंत, ब्लेडनं तासून ओळीत लावलेल्या. बाकी आम्ही, म्हणजे दोन गृहिणी, एक बँकवाला आणि एलिमेंटरीला बसणारा एक शाळकरी मुलगा, एकेका 2बीवर भागवतो. बोर्डावर कागद लावण्याआधी काका खिशातून स्पिरिट लेव्हल काढतात. बुडबुडा मधोमध आल्याशिवाय कला सुरू होत नाही.

अशात पर्स्पेक्टिव्हचा धडा आला. मॅडम जे.जे.तून शिकलेल्या, वयानं काकांच्या मुलीहून लहान. त्यांनी फळ्यावर आडवी क्षितिजरेषा मारली, तिच्यावर एक ठिपका दिला आणि ठिपक्यापासून खाली दोन तिरप्या रेघा ओढल्या. "हे रेल्वेचे रूळ. लांब जाऊन या लोपबिंदूत मिळतात." (रस्ता काढला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण हा धडा द्यायचा म्हटलं की प्रत्येकाला रूळच आठवतात.)

काका उभे राहिले. "मॅडम, गाडी पडेल."

"काका, ते मिळत नाहीत, मिळाल्यासारखे दिसतात," शाळकरी मुलगा म्हणाला.

"हे तू अपघाताच्या चौकशीत सांगून बघ."

त्या दिवशी काकांनी रूळ काढले ते खालून वरपर्यंत समांतर, शिडी उभी केल्यासारखे. मध्ये बाण काढून आकडा लिहिला: 1676 मिमी. स्लीपरही सारख्या अंतरावर, कारण किलोमीटरला 1660 बसतात आणि लांब गेले म्हणून ते काही दाटीवाटीनं बसत नाहीत.

पुढच्या रविवारी मॅडमनी शहाणपणानं रूळ टाळले आणि टेबलावर खोका ठेवला. काकांच्या खोक्याची पुढची कड आणि मागची कड एकाच मापाची. "मागची लहान दिसते ना, काका?"

"दिसते. पण मी मोजलीय."

यावर काय बोलणार? मॅडम इतिहासाकडे वळल्या. सहाशे वर्षांपूर्वी फ्लॉरेन्सच्या ब्रुनेलेस्कीनं तिथल्या बाप्तिस्मागृहाचं चित्र काढलं आणि त्याला भोक पाडलं. मग चित्राच्या मागून भोकाला डोळा लावायचा, समोर आरसा धरायचा. आरशातलं चित्र आणि खरी इमारत बेमालूम जुळायची.

"म्हणजे चेकिंग केलं त्यानं," काका सावरून बसले.

"तिथल्या कॅथीड्रलचा प्रचंड घुमटही त्यानंच बांधला."

"इंजिनीअर होता होय! मग आधी सांगायचं ना."

नंतरच्या रविवारी काका गृहपाठ घेऊन आले. रूळ मिळाले होते! रेघा 4एचच्या, इतक्या फिक्या की वरिष्ठांना कळू नये. पण लोपबिंदूच्या अलीकडे रुळांवर आडवी लाल झेंडी होती, आणि तिच्याही बरंच अलीकडे एका रुळावर तीन ठिपके.

"हे काय, काका?"

"पुढे रूळ मिळतायत ना? मग लाइन बंद. सहाशे मीटर आधी झेंडी, बाराशे मीटरवर तीन फटाके. दहा-दहा मीटरवर. नियम आहे."

मॅडम वाकल्या. पेन्सिल आडवी धरून त्यांनी ठिपक्यांमधली अंतरं मोजली, पुन्हा मोजली.

"पण पहिल्या दोघांत जास्त अंतर आहे, पुढच्या दोघांत कमी."

"लांबून तसंच दिसतं," काका म्हणाले आणि लेव्हलचा बुडबुडा बघू लागले.