हिमचंद्रवाला

बर्फाळ चंद्रांवर संशोधन करणारा हा गृहस्थ बहुधा पॅसाडिनाला, नासाच्या जेपीएलच्या आसपास आढळतो. वय विचारलंत तर मोहिमांत सांगेल: गॅलिलिओ गुरूपाशी असताना शाळा, कॅसिनी शनीपाशी असताना पीएचडी आणि लग्न, क्लिपर गुरूच्या युरोपा या चंद्रापाशी पोहोचेपर्यंत मुलगी कॉलेजात. मंगळवाल्यांना तो मनातून उथळ समजतो. त्यांची यानं सात महिन्यांत पोहोचतात, पण पाणी आटलेलं. याच्या युरोपात, बर्फाखाली का होईना, पृथ्वीवरच्या सगळ्या महासागरांच्या दुप्पट पाणी असावं.

आपल्याकडे गुरुबळ आलं की लग्नं जमतात. याच्या लेखी मात्र गुरूइतका घातकी ग्रह नाही. त्याच्या किरणोत्सारात यंत्रं टिकत नाहीत, म्हणून क्लिपर युरोपाभोवती मुक्काम करणारच नाही. खाष्ट सासऱ्याच्या घरी बायकोला भेटायला जावं तसं ४९ वेळा उभ्या उभ्या जाऊन येणार.

एन्सेलेडसवाला समोरून आला की याचा चेहरा पडतो. त्याचा हा शनीचा चंद्र जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा, पण दक्षिण ध्रुवातून आपला समुद्र आपणच बाहेर फवारतो! कॅसिनीनं त्यातून उडत जाऊन चव घेतली. मीठ निघालं, सेंद्रिय रेणू निघाले आणि २०२३ साली त्याच जुन्या नोंदींत फॉस्फेटही सापडलं. याच्याकडे अजून बर्फाच्या जाडीवरूनच भांडणं. गॅलिलिओनं १९९७ साली पाठवलेल्या आकड्यांत युरोपाच्या फवाऱ्याची खूण लोकांना २०१८ साली दिसली. तेव्हापासून हा घरातली जुनी वीजबिलंही टाकू देत नाही.

सोवळं तर विचारू नका. या चंद्रांना आपले जंतू लागू नयेत म्हणून २००३ साली गॅलिलिओ गुरूत आणि २०१७ साली कॅसिनी शनीत जाळून टाकलं, तेव्हा यानं डोळे पुसत टाळ्या वाजवल्या. टेबलावरचा कॉफीचा मग मात्र कधी विसळलेला नाही. पाणी, ऊब, सेंद्रिय पदार्थ: जीवसृष्टीच्या सगळ्या अटी तिथे केव्हाच पुऱ्या झाल्या आहेत.

एक विनंती. त्याला ‘जीव सापडला का?’ असं विचारू नका. क्लिपर जीव शोधायला गेलेलंच नाही, तिथे जगण्याजोगं काही आहे का एवढंच बघायला गेलंय, हे समजावायला तो पाऊण तास घेतो. विचारायचंच असेल तर एप्रिल २०३० नंतर विचारा. यान गुरूपाशी पोहोचणार तेव्हा.